ललित निबंध आणि पाण्याचा प्रश्न

मराठी ललित निबंधाचे नाव काढले की चळवळीतला कार्यकर्ता हसतो. खाणेपिणे, क्रिकेट, चित्रप्रदर्शने, परदेशप्रवास, नुकतेच वाचलेले पुस्तक हे ज्या लेखनाचे विषय, ते लेखन पोट भरलेल्यांचे, पांढरपेशांच्या फुरसतीतून निपजलेले, असे त्याचे मत असते. प्रस्थापित समीक्षकाकडे जावे तर तो आत्मनिष्ठा, तरलता, लालित्य, वाचकाशी साधलेली जवळीक असे शब्द काढतो आणि फडक्यांपासून आजपर्यंतची नावे सांगतो. त्या नावांत दलित लेखक बहुधा नसतो. आपल्या माणसाने हा वाङ्मयप्रकार स्वतःहून सोडून दिला आहे आणि समीक्षकाने आपल्याला त्यातून वगळले आहे. दोघे दोन टोकांकडून निघतात आणि एकाच निष्कर्षाला येऊन पोहोचतात की, हा प्रकार दलितांचा नव्हे. प्रस्तुत लेखात मला या निष्कर्षाशी भांडायचे आहे.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि ललित गद्याची अभ्यासपत्रिका बहुतेक वर्षी माझ्याच वाट्याला येते. विद्यार्थ्यांना इतिहास पाठ असतो. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी लघुनिबंध रुजविला. फडक्यांनी आपल्या निबंधांना 'गुजगोष्टी' म्हटले. या 'गुज' शब्दापाशी मी वर्गात थांबतो. गुज कोणाला सांगतात? जो माजघरापर्यंत येऊ शकतो त्याला. गुज सांगणाऱ्याला आपण कोण हे सांगावे लागत नाही, कारण ऐकणाराही तोच असतो. चहाचा पेला, आरामखुर्ची, खिडकीबाहेरचा पाऊस या वस्तू अशा निबंधात येतात तेव्हा त्या आधीपासूनच लेखकाच्या झालेल्या असतात. चहाला पाणी कोठल्या विहिरीचे, हा प्रश्न निबंधात येत नाही. कारण तो लेखकाच्या आयुष्यातच आलेला नसतो. लालित्य म्हणून ज्याचा गौरव होतो त्यातले बरेचसे या न आलेल्या प्रश्नावर उभे आहे.

हा कोणा लेखकावर दोषारोप नव्हे. पु. ल. देशपांडे यांचे 'माझे खाद्यजीवन' वाचताना मलाही भूक लागते. त्यांची 'अपूर्वाई' (१९६०) मी वर्गात आवडीने वाचून दाखवतो, आणि हसणाऱ्यांत सर्वात मोठा आवाज कधीकधी माझाच असतो. माझी तक्रार विनोदाविषयी नाही, समीक्षेविषयी आहे. एका वर्गाच्या वाट्याला आलेली निश्चिंती समीक्षेने उचलली आणि तिला वाङ्मयप्रकाराचे लक्षण करून टाकले. मग ज्याच्या लेखनात ही निश्चिंती नाही त्याचे लेखन निबंध राहत नाही. ते 'आत्मकथन' होते, 'सामाजिक दस्तऐवज' होते, फार तर 'वेदनेचा हुंकार' होते. लिहिणाऱ्याने प्रवासाविषयी लिहिले असले तरी त्याला प्रवासवर्णन म्हणत नाहीत. तो जेवणाविषयी लिहितो तेव्हा ते भुकेचे चित्रण ठरते. विषय तोच असतो. कप्पा मात्र बदलतो.

प्रवासापासून सुरुवात करू, कारण पाण्याची गाठ तेथे लवकर पडते.

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी गद्यातले ते एक थोर पुस्तक आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. वरसईचा हा भिक्षुक गरीब होता, कर्जात होता. दक्षिणेच्या आशेने तो उत्तरेकडे निघाला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. त्याला लुटले गेले, त्याच्यावर उपासमारीची पाळी आली. तेव्हा पोट भरलेल्याचे लेखन म्हणून त्याची बोळवण करता येत नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परमुलखात त्याच्याजवळ पैसा नसतो तेव्हाही जात असते, आणि ती जात त्याला दार उघडून देते, पानावर बसविते. परतताना तो गंगेचे पाणी कावडीत घालून खांद्यावरून गावी आणतो आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतो. सगळे लुटले गेले तरी पाणी त्याच्या खांद्यावर राहिले.

त्या धामधुमीला चव्वेचाळीस वर्षे लोटल्यावर, १९०१ मध्ये, चार मुले साताऱ्याहून आपल्या वडीलमाणसाच्या नोकरीच्या गावी निघाली. त्यांतला एक मुलगा दहा वर्षांचा भीमराव होता. बाबासाहेबांनी हा प्रवास पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या छोट्या इंग्रजी लेखनात सांगितला आहे. ते साधारण १९३५-३६ च्या सुमारास लिहिले गेले, पुस्तिकारूपाने १९९० मध्ये बाहेर आले आणि महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात १९९३ मध्ये समाविष्ट झाले. आपल्या कार्यकर्त्यांना त्यातले प्रसंग तोंडपाठ आहेत. भाषणांत ते पुरावा म्हणून येतात, अन्यायाची साक्ष म्हणून येतात. ते योग्यच आहे. परंतु हे लेखन आहे, ते एका लेखकाने रचले आहे, त्यात काय आधी सांगायचे आणि काय मागे ठेवायचे याचा विचार आहे, याकडे आपण क्वचितच पाहिले.

त्या पहिल्या प्रवासाची सुरुवात पाहा. मुलांना नवे कपडे शिवले आहेत. झगमगीत टोप्या आहेत, रेशीमकाठी धोतरे आहेत, नवे जोडे आहेत. आयुष्यात प्रथमच आगगाडीत बसायचे आहे. लेखक हा आनंद घाईने उरकत नाही. पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला ठाऊक असते, तरी तो त्या मुलांना त्यांच्या नव्या कपड्यांत थोडा वेळ मिरवू देतो. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांना न्यायला कोणी आलेले नाही. पोशाख पाहून स्थानकप्रमुख आपुलकीने चौकशी करतो. मुले महार असल्याचे कळताच त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडी दुप्पट भाड्याने मिळते, तीही मुलांनी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे या अटीवर. जवळ शिदोरी भरपूर आहे. पाणी नाही. भरल्या डब्यापाशी मुले उपाशी झोपतात.

मला विचारायचे आहे ते असे की, प्रवासवर्णनाची जी लक्षणे आपण परीक्षेत लिहून घेतो त्यांतले कोणते येथे नाही? निघण्याचा उत्साह, वाटेतली माणसे, अनोळखी मुलूख, खाणेपिणे, मुक्काम हे सारे आहे. फक्त नेहमीच्या प्रवासवर्णनात गृहीत धरलेली वस्तू येथे कथानक झाली आहे.

त्याहून महत्त्वाचे रचनेचे वैशिष्ट्य बडोद्याच्या भागात आहे. मराठी प्रवासवर्णनाचा संकेत असा की, परदेश म्हणजे नवल आणि घर म्हणजे विसावा. लेखक बोटीवर चढला की नवलाईला प्रारंभ होतो आणि मुंबईचा किनारा दिसला की डोळे पाणावतात. बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडन पाहून आलेले. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्या दोन शहरांवर दोन पुस्तके झाली असती. या लेखनात परदेशातील वास्तव्याला जेमतेम काही वाक्ये मिळतात, आणि तीही एवढेच सांगण्यासाठी की तेथे राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. नवल सुरू होते ते बडोद्याला उतरल्यावर. राहायचे कोठे? पारशी नाव धारण करून ते एका पारशी उतारूगृहात राहतात. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेले दालन, अंधार, वटवाघळे, आणि त्यात पुस्तक घेऊन बसलेला एक उच्चविद्याविभूषित माणूस. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी येऊन उभे राहतात. शहरात कोठेही जागा मिळत नाही. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत एका सार्वजनिक बागेत बसून राहावे लागते. मायदेश हाच परमुलूख झाला आहे. शीर्षकातला 'व्हिसा' हा शब्द मजकूर उलगडून सांगत नाही, पण बडोद्याच्या बागेपर्यंत आलेल्या वाचकाला तो सांगावा लागत नाही. प्रवासवर्णनाचा संकेत याहून पक्का उलटा केलेला मी मराठीत पाहिलेला नाही.

यात विनोद नाही असे कोणी म्हणेल तर त्याने चाळीसगावचा भाग पुन्हा वाचावा. साल १९२९. बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य, बॅरिस्टर. महारवाड्यातील मंडळी त्यांना नेण्यासाठी स्थानकावर आलेली. टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार होत नाही. पाहुण्याला पायी नेणे तर वाड्याला शोभणार नाही. मग तोड निघते: टांगा भाड्याने घ्यायचा, हाकायचा आपल्यापैकी एकाने. त्याने जन्मात टांगा हाकलेला नाही. नदीवरच्या मोरीवर चाक अडकते, बाबासाहेब दगडावर फेकले जातात, पाय मोडतो, घोडा टांग्यासह खाली जातो. माझी प्रतिष्ठा जपण्याच्या भरात माझ्या लोकांनी माझा जीवच धोक्यात घातला, अशा अर्थाची टिप्पणी ते करतात. त्या टिप्पणीत राग आहेच, पण आपल्या माणसांविषयीची माया आहे, त्यांच्या मानीपणाचे कौतुक आहे, आणि स्वतःकडे बाहेरून पाहण्याची ती नजर आहे जिला निबंधाच्या पाठ्यपुस्तकात 'आत्मनिष्ठ विनोद' म्हणतात. फडके-काणेकरांच्या निबंधांत हा गुण दिसला की त्याखाली रेघ ओढायची आणि बाबासाहेबांच्या गद्यात दिसला की 'साक्ष' म्हणून पुढे जायचे, हा कोठला न्याय?

१९३४ च्या दौलताबादच्या प्रसंगाविषयी एकच सांगतो. ही मंडळी वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाली होती. मराठीत वेरूळ-अजिंठ्यावर पुष्कळ सुंदर लिहिले गेले आहे. त्यात शिल्पांची लय आहे, छायाप्रकाश आहे, विरक्तीही आहे. बाबासाहेबांच्या या लेखनात लेण्यांचे वर्णन नाही. प्रवासाच्या धुळीने माखलेली तोंडे मंडळींनी किल्ल्याच्या दरवाजाबाहेरील हौदात धुतली, आणि पाणी बाटवले म्हणून एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान ओरडत धावून आला. किल्ला पाहायला मिळाला तो शस्त्रधारी शिपाई सोबत घेऊन, आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. जे कलेवरचे लेखन होऊ शकले असते ते हौदाशीच अडले. सवी सावरकर यांच्या चित्रांत गळ्यात मडके आणि झाडू बांधलेला माणूस का येतो, असे विचारणाऱ्या कलारसिकाने हा हौद ध्यानात ठेवावा.

पुढच्या काळात आपल्याकडे प्रवास पुष्कळ लिहिला गेला, फक्त त्याला ते नाव मिळाले नाही. लक्ष्मण माने यांचा 'उपरा' (१९८०) गाढवांच्या पाठीवरच्या बिऱ्हाडासह गावोगाव हिंडतो. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'च्या (२००३) आरंभी डोंगरातल्या बायका डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला चालत जातात व येतात. ती चढण, ती दमछाक, आणि त्यातच त्यांची आपापसांतली थट्टामस्करी. ती पाने मी वर्गात प्रवासवर्णन म्हणूनच शिकवतो. विद्यार्थी प्रथम गोंधळतात. मग एखादी मुलगी हळूच म्हणते की आमची आजीही अशीच बाजाराला जायची.

आता क्रीडेकडे वळतो. येथे मला प्रस्थापितांइतकेच आपल्या लोकांनाही काही विचारायचे आहे.

क्रिकेटवर लिहिणे ही मराठी मध्यमवर्गाची जुनी हौस. मैदान, पाऊस, पांढरे कपडे, खेळातला सभ्यपणा. या साऱ्यात एका माणसाचे नाव फार काळ लुप्त होते. पळवणकर बाळू, जन्म १८७६, धारवाडचा, चांभार. वडील लष्करात. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटणे, जाळी बांधणे ही त्याची कामे. साहेबांना सराव देता देता तो डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून त्याला घेतले गेले. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्यात त्याचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या भारतीय संघातून तो इंग्लंडला गेला. संघ वारंवार हरत असताना त्याने त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले.

पुण्यातल्या आरंभीच्या दिवसांतली एक गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. चहाच्या वेळी बाळूला चहा बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. त्याचे जेवणाचे पानही वेगळे असे. या गोष्टीवर कोणी निबंधकाराने दहा मिनिटे विचार केला असता तर मराठीला एक अपूर्व निबंध मिळाला असता. चेंडू चामड्याचा. तो चांभाराच्या हातून सुटतो, फलंदाजाला चकवून यष्टिरक्षकाच्या हातात जातो, तेथून ब्राह्मण क्षेत्ररक्षकांच्या हातांतून फिरत पुन्हा चांभाराच्या हातात येतो. दिवसभर हे चालते आणि कोणी बाटत नाही. खेळ थांबतो, पाणी येते, आणि जात येते. शिवाशिवीचे शास्त्र किती सोयीचे असते हे सांगायला याहून चांगला दृष्टांत मला तरी सुचत नाही.

चार भाऊ खेळत. बाळूला हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. १९२० मध्ये या पदाच्या वाटपातील अन्यायाविरुद्ध विठ्ठल व शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतले. खेळाडूंनी जातीच्या अन्यायाविरुद्ध केलेला हा बहिष्कार महाडच्या सत्याग्रहाच्या सात वर्षे आधीचा आहे. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. पुढे विठ्ठल पळवणकर यांनी मराठीत 'माझे क्रीडा-जीवन' (१९४८) हे आत्मचरित्र लिहिले. 'बलुतं'च्या तीस वर्षे आधीचे हे पुस्तक. मी शिकलो त्या आणि शिकवतो त्या अभ्यासक्रमांत ते कोठेही नव्हते. पळवणकर बंधूंची हकीकत सुशिक्षित समाजात पसरली ती रामचंद्र गुहा यांच्या इंग्रजी ग्रंथामुळे, २००२ नंतर.

प्रस्थापितांनी विसरणे मी समजू शकतो. आपण का विसरलो? उत्तर आपल्या सर्वांना माहीत आहे, पण ते आपण मोठ्याने बोलत नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाळू पराभूत झाले, आणि आपल्या स्मृतीतूनही त्यांना बाद करण्यात आले. त्यांचे राजकारण मला मान्य नाही. पुणे कराराच्या वेळची त्यांची भूमिकाही मला मान्य नाही. पण एके काळी बाबासाहेबांनाही या खेळाडूचा अभिमान वाटत असे, आणि मातीच्या त्या भांड्यातला चहा १९३७ च्या मतपेटीत पडून गोड होत नाही. राजकीय चुकीसाठी माणसाच्या हाताची कला नाकारायची ही वृत्ती आपण प्रस्थापितांकडून उसनी घेतली आहे काय, हे तपासले पाहिजे. माझ्या वर्गातली निम्मी मुले क्रिकेटवेडी आहेत. त्यांना पळवणकर माहीत नाही, हा दोष अभ्यासमंडळाचा जेवढा, तेवढाच आपल्या नियतकालिकांचा.

खाद्यपदार्थांवरील लेखनाविषयी याहून अवघड प्रश्न आहे.

शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आले. जेवणापूर्वीच्या श्लोकातील शब्दाला एक 'अ' लावून त्यांनी जे केले त्याला भाष्य म्हणतात. मराठवाड्यातील महार-मांगांच्या घरांत काय शिजत होते, कसे शिजत होते, ते या पुस्तकात पाककृतींसह आहे. चान्या आहेत, रक्ती आहे, वजडी आहे, येसूर आहे. ते पदार्थ आमच्या वाट्याला का आले, हेही आहे. आता त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले आहे (२०२४). आमच्या एका बैठकीत या पुस्तकाची गोष्ट निघाली तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते उसळून म्हणाले, "सर, जे सोडलं ते सोडलं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं मेलेल्या जनावराचं मांस सोडा. आमच्या बापजाद्यांनी सोडलं. आता तुम्ही त्याच्या पाककृती लिहिणार?"

त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. मी ते उडवून लावत नाही. परंतु सोडणे ही एक कृती होती. ज्यांच्या घरात दुसरे काही शिजण्याची खात्री नव्हती त्यांनी एका सभेतल्या शब्दावर पिढ्यान् पिढ्यांचे अन्न सोडले. केवढा तो निश्चय! जे सोडले त्याची चव, त्याचा वास, वाळत घातलेल्या चान्यांची ती दोरी, पावसाळ्यातला तिचा आधार हे जर कोणी लिहिलेच नाही, तर त्या निश्चयाची किंमत पुढच्या पिढीला कशी कळावी? माझ्या वर्गातील मुलांना वाटते की आपले आजेपणजे काहीतरी घाणेरडे खात होते आणि एक दिवस ते शहाणे झाले. हा समज आपल्या मौनाने तयार केला आहे. तसेच वजडी, रक्ती हे पदार्थ नीट रांधणे ही विद्या होती. ती बहुतेक बायकांची विद्या होती. तिचा उल्लेखसुद्धा लाजेचा ठरवला तर लाज कोणाच्या वाट्याला जाते?

येथेच आनंदाचा प्रश्न येतो. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) मध्ये आनंद हे साहित्याचे प्रयोजन मानणाऱ्या दृष्टीला नकार दिला. तो नकार त्या काळी आवश्यक होता. 'गोलपिठा' वाचून आनंद झाला असे म्हणणाऱ्या रसिकाला थोपवणे भागच होते. पण त्या नकाराचा आपण जो अर्थ लावला तो लिंबाळ्यांच्याही पुढे गेला. आपल्या लेखनात आनंद असू नये, असलाच तर तो कार्यकर्त्याने लपवावा, असा एक अलिखित नियम तयार झाला. परिणामी आपले तरुण लेखक कविता आणि आत्मकथन या दोनच वाटांनी जातात. कवितेत विद्रोह, आत्मकथनात वेदना. निबंधासाठी जे लागते, म्हणजे एखाद्या वस्तूपाशी थांबणे, ती उलटसुलट करून पाहणे, तिच्याविषयी आपले मत बनवणे, चेष्टा करणे, तेवढी मोकळीक आपण स्वतःला देत नाही. राजा ढाले यांनी १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त लिहिले तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. तो परिणाम कवितेचा नव्हता, गद्याचा होता.

आणि विषय काय कमी आहेत? दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे दादरला जातात. विजयादशमीला नागपूरला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला जातात. एवढा प्रवास करणाऱ्या समाजाकडे प्रवासवर्णन नसावे? दादरमधल्या काही लोकांच्या लेखी तो दिवस म्हणजे गर्दी आणि कचरा. आपल्या लेखी तो अभिवादनाचा दिवस, म्हणून आपण त्यावर अभिवादनपर कविता लिहितो. तेथे जाणाऱ्या गाडीत काय चालते, भाकरीच्या फडक्यात ठेचा कोणता असतो, कोण गाते, कोण पहिल्यांदाच समुद्र पाहते, हे लिहायचे राहूनच जाते.

गेल्या वर्षी मी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना 'माझा एक प्रवास' हा विषय दिला. बहुतेकांनी न पाहिलेल्या महाबळेश्वराविषयी लिहिले. एका मुलीने आईबरोबर केलेल्या दादरच्या प्रवासाविषयी लिहिले. आईला अक्षरओळख नाही. शिवाजी पार्कवर आई प्रत्येक पुस्तकाच्या दुकानापाशी थांबते, पुस्तक हातात घेते, मुखपृष्ठावरचा फोटो पाहते, वजन केल्यासारखे करते आणि किंमत विचारते. शेवटी घासाघीस करून तिने एक जाड ग्रंथ घेतला. तो कशावरचा आहे हे विचारले नाही. परतीच्या गाडीत तिने तो उशाला घेतला आणि मुलगी रात्रभर जागी राहिली, पाने दुमडतील म्हणून. पाण्याचा उल्लेख निबंधात एकदाच आहे. मैदानावर एक स्वयंसेवक पाणी वाटत होता. आई दोनदा प्यायली आणि मग तहान नसताना तिसऱ्यांदा मागून घेतले.

आमच्या वार्षिकांकात हा निबंध छापून आला, पण 'ललित' विभागात नव्हे. संपादक मंडळाने तो 'सामाजिक प्रश्न' या मथळ्याखाली, हुंडाबंदी आणि व्यसनमुक्ती यांवरील लेखांच्या शेजारी घातला. मी कारण विचारले तेव्हा एक सहकारी सद्भावनेने म्हणाले, "विषय गंभीर आहे ना हो." ललित विभागात त्या वर्षी महाबळेश्वराचे तीन निबंध होते.

मुलीच्या परवानगीने तो निबंध मी या त्रैमासिकाच्या संपादकांकडे सोबत पाठवीत आहे. छापण्याजोगा वाटल्यास अनुक्रमणिकेत त्याच्यापुढे 'ललित निबंध' एवढेच लिहावे.